२२ एप्रिल, स्टीफन लॉरेन्स दिन: मराठी पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आग्नेय लंडनमध्ये आमचा शनिवारचा मराठी वर्ग भरतो. तिथे मी गेली काही वर्षं मुलांना बाराखडी आणि मोठ्यांना चहा देते. दर एप्रिलमध्ये मुलांच्या इंग्रजी शाळांमधून एक पत्र येतं, आणि मग पालकांचे तेच ते प्रश्न सुरू होतात. काही फोनवर, काही व्हॉट्सॲपवर, काही वर्ग सुटल्यावर चपला घालता घालता. यंदा उत्तरं एकदाच लिहून काढली. मी वकील नाही की इतिहासकारही नाही. पण एल्थमच्या शेजारच्या भागात राहते आणि स्टीफन जिथे मारला गेला त्या रस्त्यावरून आठवड्यातून दोनदा तरी जाते.

शाळेच्या पत्रात ‘स्टीफन लॉरेन्स डे’ असं लिहिलंय. हे काय आहे?

२२ एप्रिल १९९३ च्या रात्री एल्थममधल्या वेल हॉल रोडवर स्टीफन लॉरेन्स या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा गोऱ्या तरुणांच्या टोळक्यानं भोसकून खून केला. तो काळा होता, एवढंच कारण. २०१८ मध्ये, या घटनेला २५ वर्षं झाली तेव्हा, ब्रिटिश सरकारनं हा दिवस दरवर्षी पाळायचं जाहीर केलं आणि २०१९ पासून तो पाळला जातो. सुट्टी नसते. शाळेत गोष्ट सांगतात, चर्चा होते, कुठे कुठे चित्रं काढून घेतात.

स्टीफन कोण होता?

जन्म १३ सप्टेंबर १९७४ चा. आईवडील डोरीन आणि नेव्हिल, दोघंही मूळचे जमैकाचे. तीन भावंडांत हा थोरला. घर वुलिचला. पळण्यात चांगला होता, ॲथलेटिक्स क्लबात जायचा. चित्रकला उत्तम, आणि आर्किटेक्ट व्हायचं होतं. आपल्या घरी बारावीतला मुलगा असतो ना, रात्री उशिरा येणारा, आईनं ‘कुठे होतास’ विचारलं की तोंड वाकडं करणारा, तसा. त्याला संत करायची गरज नाही. पालकांना मी हे मुद्दाम सांगते, कारण ‘हुशार, गुणी मुलगा होता हो’ असं आपण म्हणतो तेव्हा नकळत असंही म्हणत असतो की उनाड असता तर एवढं वाईट वाटलं नसतं.

त्या रात्री नेमकं काय झालं?

स्टीफन आणि त्याचा मित्र ड्वेन ब्रुक्स, दोघं स्टीफनच्या काकांच्या घरून परतत होते. दहा वाजून गेले होते. वेल हॉल रोडवर दुसरी बस पकडायची होती. बस दिसते का म्हणून स्टीफन जरा पुढे चौकाकडे गेला. ड्वेन मागे उभा होता, त्यानं ‘दिसतेय का?’ असं काहीतरी ओरडून विचारलं. तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या पाच-सहा गोऱ्या पोरांपैकी एकानं काळ्यांसाठीची ती घाणेरडी शिवी हासडली आणि सगळे धावत रस्ता ओलांडून आले. स्टीफन त्यांच्या घोळक्यात दिसेनासा झाला. दोन वार: एक उजव्या बाजूच्या गळ्याच्या हाडापाशी, एक डाव्या खांद्यावर. सगळा प्रकार पंधरा-वीस सेकंदांचा. ‘पळ’ असं ड्वेन ओरडला आणि स्टीफन खरोखर पळाला. दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्या तुटलेल्या असताना तो शंभराहून जास्त मीटर पळाला आणि मग पदपथावर कोसळला.

ड्वेननं फोन बूथमधून ॲम्ब्युलन्स बोलावली. प्रार्थनासभेहून घरी निघालेलं एक जोडपं थांबलं. त्यांच्यातली बाई स्टीफनच्या डोक्यावर हात ठेवून त्याच्या कानाशी ‘तुझ्यावर माया करणारे आहेत’ अशा अर्थाचं बोलली, कारण ऐकू येणं सगळ्यात शेवटी जातं हे तिला माहीत होतं. तिच्या नवऱ्यानं पुढे सरकारी चौकशी समितीसमोर सांगितलं की घरी गेल्यावर हाताला लागलेलं रक्त त्यानं पाण्यानं धुतलं आणि ते पाणी मोरीत न सोडता बागेतल्या गुलाबाच्या झाडाशी ओतलं.

या सगळ्या प्रकरणात हजारो पानं कागद झाला. मला मात्र ते पाणी आधी आठवतं.

हल्ला वर्णद्वेषातूनच झाला हे कशावरून? पोरापोरांची मारामारी असू शकते.

हा प्रश्न मला दरवर्षी एक तरी गृहस्थ विचारतात. घटनास्थळी पोचलेल्या पोलिसांनाही हाच पडला होता, आणि तिथूनच सगळं बिघडलं. दोन्ही मुलं हल्लेखोरांना ओळखत नव्हती. आधी बाचाबाची नाही, पैशाची मागणी नाही, काही चोरलं नाही. बोलले ते एकच वाक्य, त्यात ती शिवी. १९९७ मध्ये मृत्यूच्या चौकशीत ज्युरीनं निकाल दिला की पाच गोऱ्या तरुणांनी कोणत्याही चिथावणीशिवाय केलेल्या वर्णद्वेषी हल्ल्यात स्टीफनचा बेकायदा बळी घेतला गेला. ज्युरीला इतक्या शब्दांत सांगायची सक्ती नव्हती. तरीही त्यांनी सांगितलं.

शिवाय हे एकटंदुकटं प्रकरण नव्हतं. १९९१ मध्ये जवळच्या थेम्समीडमध्ये १५ वर्षांचा एक कृष्णवर्णीय मुलगा मारला गेला. १९९२ मध्ये खुद्द एल्थममध्ये भारतीय वंशाचा १६ वर्षांचा मुलगा भोसकला गेला. शेजारच्या वेलिंगमध्ये ब्रिटिश नॅशनल पार्टी या उघड वर्णद्वेषी पक्षाचं ‘पुस्तकांचं दुकान’ होतं. त्या भागात राहणाऱ्या जुन्या गुजराती, पंजाबी माणसांना विचारा. अंधार पडल्यावर कुठल्या स्टॉपवर उभं राहायचं नाही हे त्यांना तोंडपाठ असायचं.

पोलिसांनी असं काय चुकवलं की तीस वर्षांनंतरही बोललं जातं?

चुकांची यादी मोठी आहे, मी तीनच सांगते.

पहिली, रस्त्यावरची. पोलीस आले, पण पडलेल्या मुलाला धड प्रथमोपचार मिळाले नाहीत. ड्वेन घाबरलेला, संतापलेला होता. त्याला साक्षीदार आणि हल्ल्यातून वाचलेला मुलगा म्हणून वागवायचं सोडून संशयानं पाहिलं गेलं. नक्की शिवी दिली का, तुम्ही आधी काही बोललात का, अशी विचारणा.

दुसरी, त्यानंतरच्या दोन आठवड्यांतली. खुनानंतर चोवीस तासांच्या आतच एक माणूस स्वतः चालत पोलीस ठाण्यात आला आणि त्यानं नावं सांगितली. फोन बूथमध्ये निनावी चिठ्ठी सापडली, तीच नावं. पोलिसांच्या गाडीच्या काचेवर दुसरी चिठ्ठी. अख्ख्या वस्तीला ठाऊक होतं. अटक झाली ती ७ मे रोजी. दरम्यान संशयितांच्या घरावर पाळत ठेवणाऱ्या छायाचित्रकाराला एकजण काळ्या पिशवीत कपड्यांसारखं काही घेऊन बाहेर पडताना दिसला, पण त्याच्याकडे कळवायला मोबाइल नव्हता. पिशवी गेली.

तिसरी, घरच्यांच्या बाबतीतली. लोक डोरीन आणि नेव्हिल यांना नावं सांगत होते. डोरीन यांनी ती कागदावर लिहून एका वरिष्ठ अधिकाऱ्याकडे दिली. बोलता बोलता त्या अधिकाऱ्यानं तो कागद घडी घालघालून अगदी बारीक केला. आईनं ते पाहिलं. तुमच्या पोराच्या खुन्यांची नावं लिहिलेला कागद समोरचा माणूस बसच्या तिकिटासारखा चुरतोय, हे दृश्य डोळ्यांसमोर आणा. पुढे आलेल्या चौकशी अहवालातल्या कलमांपेक्षा ते जास्त समजावून जातं.

नेल्सन मंडेलांचा यात काय संबंध?

६ मे १९९३ रोजी मंडेला लंडनमध्ये होते आणि ते लॉरेन्स कुटुंबाला भेटले. अशा क्रूरपणाची आमच्या देशात सवय आहे, तिथे काळ्यांचा जीव स्वस्त आहे, अशा अर्थाचं ते बोलले. दुसऱ्याच दिवशी अटका सुरू झाल्या. योगायोग असेलही.

मग खटला लगेच का नाही चालला?

जुलै १९९३ मध्ये सरकारी वकील विभागानं पुरावा अपुरा म्हणून आरोप मागे घेतले. आईवडिलांनी हार न मानता खासगी फिर्याद दाखल केली. इथे तसा अधिकार आहे, पण खुनाच्या खटल्यात तो वापरणारे विरळाच. वकील इम्रान खान त्यांच्या बाजूनं होते. एप्रिल १९९६ मध्ये ओल्ड बेली न्यायालयात ड्वेनची ओळख पटवण्याची साक्ष न्यायाधीशांनी ग्राह्य धरली नाही आणि तिघं निर्दोष सुटले. त्यांच्यात गॅरी डॉबसन होता. हे नाव लक्षात ठेवा.

फेब्रुवारी १९९७ मध्ये ‘डेली मेल’नं पाच संशयितांचे फोटो पहिल्या पानावर छापून वर ‘मर्डरर्स’ असा मथळा दिला आणि खोटं असेल तर आमच्यावर दावा लावा असं आव्हान दिलं. कुणी लावला नाही. हे वृत्तपत्र एरवी परकीयांच्या बाजूनं लिहिण्यासाठी मुळीच ओळखलं जात नाही. पण संपादकांच्या घरी पूर्वी रंगकाम-प्लास्टर करायला आलेला माणूस म्हणजे नेव्हिल लॉरेन्स. ते त्यांना ओळखत होते. ओळख असली की माणूस माणूस दिसतो. ही गोष्ट मला एकाच वेळी आशादायक आणि भयंकर वाटते.

मॅकफर्सन अहवाल म्हणजे काय? आणि ‘संस्थात्मक वर्णद्वेष’ म्हणजे प्रत्येक पोलीस वर्णद्वेषी असतो का?

१९९७ च्या उन्हाळ्यात नव्या सरकारचे गृहमंत्री जॅक स्ट्रॉ यांनी निवृत्त न्यायाधीश सर विल्यम मॅकफर्सन यांच्याकडे चौकशी सोपवली. २४ फेब्रुवारी १९९९ रोजी अहवाल आला, त्यात ७० शिफारशी. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलीस दलात संस्थात्मक वर्णद्वेष आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं.

प्रत्येक पोलीस वर्णद्वेषी, असा त्याचा अर्थ नाही. म्हणणं असं, की रंग, संस्कृती किंवा वंश यांमुळे लोकांना योग्य सेवा द्यायला अख्खी संस्थाच कमी पडते. कुणी मुद्दाम द्वेष करायलाच हवा असं नाही. गृहीतकं, अज्ञान, बेफिकिरी आणि ठोकळेबाज समजुती एवढंही पुरतं. सरकारी कचेरीत आडनाव ऐकल्यावर बाबूचा आवाज बदललेला ज्यानं ऐकलाय, त्याला हे वेगळं समजवायला नको. बाबूला विचारलंत तर तो म्हणेल, मी कुठे भेद करतो? तो खोटं बोलत असेलच असं नाही. तेच तर अवघड आहे.

अहवालातल्या एका ओळीनं तुमचं-माझं आयुष्य सगळ्यात जास्त बदललं. पीडित व्यक्तीला ‘किंवा इतर कुणालाही’ एखादी घटना वर्णद्वेषी वाटली, तर पोलिसांनी तिची नोंद वर्णद्वेषी घटना म्हणूनच करायची. सिद्ध होणं पुढचं. पण ‘तुम्हाला तसं वाटलं असेल हो’ म्हणून टेबलावरूनच परत पाठवायचं नाही. त्याआधी प्रत्यक्षात अधिकाऱ्याला काय वाटतं यावर बरंच अवलंबून असायचं.

मग शिक्षा झाली कशी? सुटलेल्या माणसावर पुन्हा खटला चालतो?

पूर्वी चालत नव्हता. निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही, हे तत्त्व इंग्लंडमध्ये शेकडो वर्षं जुनं. ते आपल्याकडेही आहे. मॅकफर्सन यांनी सुचवलं की नवा आणि भक्कम पुरावा आल्यास अपवादाचा विचार व्हावा. २००३ मध्ये कायदा झाला, २००५ मध्ये लागू झाला. म्हणजे एका घरच्या हट्टामुळे देशाचा कायदा वाकला. (मला स्वतःला हा बदल पूर्ण रुचत नाही. सरकारच्या हाती दुसरी संधी देताना काळजी वाटते. पण या खटल्यापुरतं माझं मन कायद्याच्या तत्त्वांकडे वळत नाही, हे कबूल करते.)

आणि पुरावा? इथे मी वर्गातल्या पालकांना जरा थांबवते. ७ मे १९९३ रोजी डॉबसनच्या घरातून एक जाकीट जप्त झालं होतं. ते पिशवीत बंद करून ठेवलेलं. अनेक वर्षांनी, जुन्या प्रकरणांची फेरतपासणी करणाऱ्या शास्त्रज्ञांना त्याच्या कॉलरच्या विणीत रक्ताचा एक कण सापडला. आकार ०.५ मिलिमीटर गुणिले ०.२५ मिलिमीटर. खसखशीच्या दाण्याहूनही लहान. रक्त स्टीफनचं निघालं. दुसरा आरोपी डेव्हिड नॉरिस, त्याच्या कपड्यांच्या पिशवीत बारीकसे केस आणि स्टीफनच्या कपड्यांशी जुळणारे धागे मिळाले. पिशव्या हाताळताना एकातलं दुसऱ्यात मिसळलं असेल, असा बचाव झाला. ज्युरीनं तो मानला नाही. ३ जानेवारी २०१२ रोजी दोघं दोषी ठरले. दोघांना जन्मठेप, त्यातली किमान मुदत डॉबसनला १५ वर्षं २ महिने आणि नॉरिसला १४ वर्षं ३ महिने. एवढी कमी का, हा पुढचा प्रश्न असतोच. गुन्ह्याच्या वेळी दोघंही अठराच्या आतले होते, म्हणून.

विज्ञान पुढे गेलं म्हणून न्याय मिळाला असं म्हणतात. खरंच आहे, १९९३ मध्ये एवढ्या कणाचा डीएनए काढता आला नसता. पण जाकीट तिथेच होतं. वर्षानुवर्षं पिशवीत होतं. पहिल्या शनिवारी-रविवारी अटका झाल्या असत्या, तर कदाचित खसखशीएवढ्या कणापर्यंत पोचायची वेळच आली नसती. अहवालही पहिल्या दोन दिवसांत अटक न करण्याला मोठी चूक म्हणतो. ‘प्रगती झाली का’ असं कुणी विचारलं की मी या दोन दिवसांकडे पाहते.

म्हणजे शेवटी न्याय झाला?

नाही. ज्युरीनं पाच म्हटले होते. शिक्षा दोघांना झाली. २०२० मध्ये पोलिसांनी तपास थांबवला. २०२३ मध्ये बीबीसीनं सहाव्या संशयिताचं नाव जाहीर केलं, तोवर तो माणूस मरून गेलेला. निकालाच्या दिवशी डोरीन यांनीही हा आनंदाचा दिवस नसल्याचं सांगितलं होतं.

पोलिसांनी पीडित कुटुंबावरच नजर ठेवली हे खरं का? आम्हाला अफवा वाटली.

खरं आहे. २०१३ मध्ये एका माजी गुप्त पोलिसानं जाहीर सांगितलं की लॉरेन्स कुटुंबाच्या आणि त्यांच्या पाठीराख्यांच्या बदनामीला उपयोगी पडेल असं काही शोधून आणायला त्याला सांगितलं होतं. २०१४ च्या एलिसन अहवालानं (सरकारनं नेमलेल्या एका वकिलाचा हा अहवाल) दाखवलं की मॅकफर्सन चौकशी चालू असतानाच पोलिसांचा एक हेर कुटुंबाच्या गोटाजवळ पेरलेला होता. त्यातूनच गुप्त पोलिसगिरीची वेगळी सार्वजनिक चौकशी लागली, आणि ती वर्षानुवर्षं चालत आली आहे.

या सगळ्याचा आपल्या मराठी माणसांशी काय संबंध? आपण तर शिकून-सवरून, व्हिसा घेऊन आलो.

२६ डिसेंबर २०११ ची पहाट. लँकेस्टर विद्यापीठात शिकायला आलेला पुण्याचा २३ वर्षांचा मुलगा मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डमध्ये मित्रांबरोबर रस्त्यानं चालला होता. एका अनोळखी गोऱ्या तरुणानं वेळ विचारली आणि डोक्यात गोळी घातली. तोही शिकायला, व्हिसा घेऊनच आला होता.

त्या वेळी तिथल्या पोलिसांनी जे सांगितलं ते मी तेव्हाही लक्ष देऊन वाचलं होतं. हेतूबद्दल ठोस पुरावा हाती नाही, पण कुटुंबाला आणि समाजाला तसं वाटतंय म्हणून आम्ही हा हेट क्राइम, म्हणजे द्वेषातून केलेला गुन्हा, मानून तपास करतोय. ही भाषा पोलिसांना सुचलेली नाही. ती मॅकफर्सन अहवालातून आली, म्हणजे लॉरेन्सांच्या घरातून आली. पुण्यातल्या त्या आईवडिलांना वेल हॉल रोड कुठे आहे हे माहीत असण्याचं कारण नव्हतं, तरी तिथे सांडलेल्या रक्तानं त्यांच्यासाठी एक वाक्य आधीच लिहून ठेवलं होतं. अटक काही दिवसांत झाली आणि मारेकऱ्याला २०१२ मध्ये किमान ३० वर्षांची जन्मठेप झाली.

आणि त्याच वेळी: मुलगा गेल्याची बातमी त्या घरच्यांना फेसबुकवरून कळली. पोलिसांना नंतर माफी मागावी लागली. कुटुंबाशी नीट संपर्क ठेवावा यावर मॅकफर्सननी पानंच्या पानं लिहिली, त्याला तेव्हा बारा वर्षं होऊन गेली होती. तो आठवडा मला विसरता येत नाही. एकीकडे पुण्याच्या बातम्या, आणि आठच दिवसांत टीव्हीवर स्टीफनचा निकाल.

आता तर सगळं सुधारलं ना? पंतप्रधानसुद्धा आपला झाला होता.

ऋषी सुनक २०२२ मध्ये पंतप्रधान झाले, सादिक खान २०१६ पासून लंडनचे महापौर आहेत. डोरीन लॉरेन्स २०१३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेल्या. हे १९९३ मध्ये कुणी सांगितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. रस्त्यावरची उघड शिवीगाळ कमी झाली हे जुनी माणसंही सांगतात. वेलिंगमधलं ते दुकान १९९५ मध्ये बंद झालं. वर्णद्वेषी हेतू सिद्ध झाला तर शिक्षा वाढते. सार्वजनिक संस्थांवर समान वागणुकीची कायदेशीर जबाबदारी २००० च्या कायद्यानं आली.

आता दुसरं पान. मार्च २०२३ मध्ये लुईस केसी यांनी मेट्रोपॉलिटन पोलीस दलाची तपासणी करून पुन्हा तोच शब्द वापरला: संस्थात्मक वर्णद्वेष. जोडीला स्त्रीद्वेष आणि समलिंगीद्वेष. जवळपास निम्मं लंडन गोरं नाही, पण तेव्हा दलातले ८२ टक्के अधिकारी गोरे. रस्त्यात थांबवून झडती घ्यायच्या बाबतीत कृष्णवर्णीयांवर ती वेळ गोऱ्यांच्या सुमारे चौपट येते.

आणि २०२४ चा जुलै-ऑगस्ट. साउथपोर्टमध्ये तीन लहान मुलींचा खून झाला, मारेकऱ्याबद्दल खोट्या बातम्या पसरल्या आणि गावोगावी दंगली झाल्या. आश्रय मागायला आलेले लोक जिथे ठेवले होते त्या हॉटेलांवर जमाव चालून गेले. त्या आठवड्यात आमच्या वर्गाच्या ग्रुपवर एका आईनं विचारलं: ‘शनिवारी मुलीला परकर-पोलकं घालून पाठवू का जीन्स?’ गणपतीच्या नाचाची तालीम होती. कुणी पटकन उत्तर दिलं नाही. मग एकीनं लिहिलं, ‘कपडे पिशवीत दे, इथे बदलू.’ सगळ्यांनी त्यावर अंगठा दिला. मीही दिला. आमच्याकडे काहीच झालं नाही, रस्ता शांत होता. पण परकर पिशवीतच आला.

आपल्या घरातही ‘तो भाग नको, तिथे काळे फार आहेत’ असं बोलतात. तो वर्णद्वेषच का?

हो.

जरा सविस्तर सांगते, कारण हा प्रश्न विचारणारी बाई प्रामाणिक होती. आम्ही पहिलं घर शोधत होतो तेव्हा माझ्या सासूबाई साताऱ्याहून आलेल्या. त्यांना रस्ता आवडला, बाग आवडली, शेजारचं कुटुंब पाहिलं आणि मराठीत म्हणाल्या, ‘हबशी दिसतात गं.’ मी गप्प बसले. त्या मोठ्या, शिवाय पाहुण्या, आणि कुणाला कळणार होतं मराठी? घर आम्ही तिथेच घेतलं, तेही परवडत होतं म्हणून. दोन महिन्यांनी सासूबाईंना घेरी आली तेव्हा शेजारच्या नायजेरियन बाई, त्या नर्स होत्या, नाइटगाउनवर कोट चढवून धावत आल्या. त्यानंतर सासूबाई त्यांना ‘ताई’ म्हणायला लागल्या. त्या बाईंचं नाव त्यांना कधी नीट म्हणता आलं नाही, पण ताई म्हणत. गोष्ट गोड आहे, आणि मी ती अनेकदा गोड करून सांगितली आहे. खरं म्हणजे त्या नर्स नसत्या, रात्री आल्या नसत्या, तर? माणूस ठरायला त्यांना परीक्षा द्यावी लागली. डेली मेलच्या संपादकांचं आणि आमचं तसं फारसं वेगळं नाही.

गोरी सून हवी, काळी पोरगी खपत नाही, हे आपण विमानातून बरोबरच आणतो. आडनाव विचारून जात काढणंही आणतो. २००६ मध्ये भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना गावानं मारलं. खुनासाठी शिक्षा झाल्या, पण ॲट्रॉसिटी कायदा न्यायालयानं लावला नाही. हेतूचं नाव घ्यायला व्यवस्था कशी अडखळते, हे मराठी माणसाला एल्थमपर्यंत येऊन शिकायची गरज नाही. वंश आणि जात एकच आहेत असं मी म्हणत नाही. अडखळणं मात्र ओळखीचं आहे.

मुलांना किती सांगावं?

पाच-सहा वर्षांच्यांना: रंगावरून कुणाला त्रास देणं वाईट, आणि एका मुलाच्या आईबाबांनी ते थांबावं म्हणून खूप वर्षं भांडण केलं. दहा-बाराच्यांना खून हा शब्द चालतो, वार कुठे लागले ते नको. पंधराच्या पुढे सगळं सांगा, पोलिसांचंही. ते इंटरनेटवर वाचणारच आहेत.

आणि ‘म्हणून तू काळ्या मुलांच्यात फिरू नकोस’ हा निष्कर्ष कृपया काढू नका. हसू नका, एका वडिलांनी काढला होता.

आपल्यावर किंवा समोर कुणावर असा प्रसंग आला तर काय करायचं?

धोका चालू असेल तर ९९९. होऊन गेला असेल तर १०१, किंवा ऑनलाइन तक्रार. फोनवर ‘हेट क्राइम’ हे शब्द स्वतःच्या तोंडानं उच्चारा, समोरच्यानं उच्चारायची वाट पाहू नका. काय शिवी दिली ती जशीच्या तशी सांगा, ‘वाईट बोलला’ असं मोघम नको. आपल्याला लाज वाटते, पण नोंदीत शब्द लागतात. क्राइम रेफरन्स नंबर मागून घ्या. तुम्ही फक्त पाहिलं असेल तरी तक्रार करता येते, ‘किंवा इतर कुणालाही’ हे त्यासाठीच आहे. इंग्रजी अडत असेल तर दुभाषी मागता येतो.

माझ्या ओळखीच्या एका दुकानदारांनी काचेवर लिहिलेली घाण रोज सकाळी पुसली, आठ महिने, एकही तक्रार न करता. ‘कटकट नको’ म्हणून. पुसण्याआधी निदान फोटो काढा.

ती जागा बघता येते का? मुलांना न्यावं का?

येते. वेल हॉल रोडवर, पदपथातच बसवलेला एक दगड आहे. त्यावर स्टीफनचं नाव, दोन तारखा आणि शांती लाभो अशा अर्थाची एक ओळ. शोधत गेलात तरच दिसतो, कारण आजूबाजूला साधी घरं, झाडं आणि वाहतूक. या दगडावर अनेकदा रंग-डांबर टाकून, घाव घालून तो विद्रूप करण्यात आला, म्हणून त्याच्यावर कॅमेरे आले. मेल्यावरही पाळत लागावी असा हा मुलगा. आईवडिलांनी त्याला पुरलं ते इथे नव्हे, जमैकात.

माझा धाकटा नऊ वर्षांचा असताना मी त्याला नेलं होतं. कुणीतरी डॅफोडिल ठेवली होती, रबरबँडसकट. त्यानं तारखा वाचल्या, बोटांवर वजाबाकी केली आणि म्हणाला, ‘दादाएवढा.’ मग बसस्टॉपकडे बघून विचारलं, ‘त्या दिवशी बस आली का गं?’

आली होती. हल्ल्यानंतर थोड्याच वेळात आली. स्टॉपवर उभे असलेले तिघंजण तिच्यात चढले. त्यांच्यातला एकजण स्टीफनला ओळखत होता, आणि उतरल्यावर लॉरेन्सांच्या घरी जाऊन दार वाजवलं ते त्यानंच.